बाटल्यांच्या फ्रिजातला हिवाळा

विमल,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून द्या म्हणून पेठेवहिनी मागे लागल्यात. कागदही त्यांनीच आणून दिले. त्यांना तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, इथं कधी आलीस, मागे कोण कोण असं हवंय. ते त्यांनी संदीपला विचारावं. पोरगा शिकलेला आहे, त्याला तारखा पाठ असतात. मला तुझ्याशी बोलायचंय. छापायचं तर छापतील, नाहीतर राहू देतील.

फ्रिज चालू आहे. कळी आली आहे, पण उमललेली नाही. आणि मी दार उघडतोच आहे. रागाव.

काय करू, बसवत नाही. चहा करायला म्हणून उठतो आणि पाय स्वयंपाकघर ओलांडून मागच्या कपडे वाळत घालायच्या चिंचोळ्या जागेत, आपल्या यार्डात, जातात. तिथं तो काचेच्या दाराचा डबा घुंघुं करत उभा. दार उघडतो, बघतो, लावतो. खाली उतरतो, ब्लॉकला एक चक्कर मारतो, कुणी ओळखीचं दिसलं तर दुसऱ्या जिन्यानं वर येतो. पुन्हा उघडतो. बाहेरची दमट हवा आत शिरते, काचेवर घाम येतो आणि मग मलाच काही दिसत नाही. तू असतीस तर पलंगावरूनच ओरडली असतीस, "अहो, दार लावा." तुला कसं कळायचं कोण जाणे. मोटरचा आवाज बदलतो म्हणायचीस. जन्मभर बोटींवर थंडीच्या कोठ्या मी सांभाळल्या आणि मोटरचा आवाज मला शिकवायचीस तू.

काल दाराच्या मुठीला दोरी बांधली. चांगली खलाशाची गाठ मारली, म्हटलं आता हात जाणार नाही. थोड्या वेळानं बघतो तर दोरी हातात आणि दार उघडं. स्वतःच मारलेली गाठ स्वतःला काय अडवणार?

तो फ्रिज घेतला तो दिवस आठवतो. आपल्या क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमधला, त्या खाण्याच्या गाळ्यांमधला सरबतवाला धंदा बंद करून चालला होता. सगळं सामान बाहेर मांडलेलं. तू माझ्या शर्टाची बाही धरलीस.

"अहो, हा चालेल का?"

"कशाला? दुकान काढायचंय का तुला?"

"चालेल का ते सांगा. कशाला ते मागाहून."

मी मागून वाकून बघितलं. गॅस गेला होता, दाराचं रबर कुजलं होतं, बाकी मशीन धड होतं. बोटीवर मटण, मासळी, सफरचंदं सगळी माझ्या जिवावर असायची. गार राहायला हवं आणि गोठायलाही नको. तेव्हा मला वाटलं, दही-दुधासाठी हवा असेल. रबर बदललं, गॅस भरला, आत छोटा पंखा बसवला, तू सांगितलंस म्हणून दिवाही लावला. सगळं झाल्यावर तू पिशवीतून काय काढलंस, तर बोराएवढे कांदे आणि मातीची कुंडी. मी कपाळाला हात लावला होता, आठवतंय?

मीनाच्या बाळंतपणाला तू इंग्लंडला गेलीस तेव्हापासूनचं हे खूळ. मी आलो नव्हतो. म्हटलं, थंडी मी कोठीत पोटभर खाल्ली आहे, तिकीट काढून खायला कशाला जाऊ? तू परत आलीस ती शाल लपेटूनच विमानातून उतरलीस, आणि टॅक्सीत बसल्या बसल्या सुरू. नातवाबद्दल दोन वाक्यं आणि त्या फुलाबद्दल घरापर्यंत.

"मीनाच्या कुंपणाखाली बर्फ होता, आणि त्यातनं वर आलेलं. एवढंसं. पांढरं. मला आधी वाटलं लसूणच उगवलाय. मीना म्हणाली, आई, स्नोड्रॉप. मान खाली घालून उभं असतं हो."

"मान खाली घातलेल्या फुलाचं काय बघायचं? तोंड तर दिसत नाही."

"म्हणून तर वाकून बघायचं."

"मी नाही वाकत."

"माहितीये मला," म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघत बसलीस. टॅक्सीवाला हसला. त्याला आपलं बोलणं काय कळलं असेल, पण हसला.

सिंगापुरात बर्फातलं फूल लावायचं. लिम आंटींनी तर तेव्हाच सांगून टाकलं होतं. आपल्या समोरच्या दाराच्या लिम आंटी, चिनी नव्या वर्षाला नार्सिससचे कांदे चाकूनं कोरून पाण्यात ठेवतात आणि बरोबर सणाला फुलवतात. कांद्याच्या फुलात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्या आपल्या फ्रिजपुढं उभ्या राहून म्हणाल्या, "विमला, कॅनॉट लाह. सिंगापूर टू हॉट. यू ग्रो चिली, ग्रो पांदान, मच बेटर."

तू म्हणालीस, "फ्रिज इज कोल्ड."

"फ्रिज इज फॉर फिश."

मी आंटींच्या बाजूनं होतो. अजून सांगतो, त्यांचंच खरं होतं. पहिल्या खेपेला कांदे आले तेच वाळून गेलेले, हातात घेतले तर शेंगांच्या टरफलासारखे हलके. पुढच्या खेपेला तू पाणी जास्त घातलंस आणि सगळं सडलं. घरभर वास. मग एकदा नुसती पानंच आली, फूल नाही. दर वेळी मी म्हणायचो, झालं समाधान? दर वेळी तू कुंडी धुऊन उन्हात पालथी घालायचीस आणि काही बोलायची नाहीस. मला ते तुझं न बोलणं जास्त लागायचं. शिव्या देतीस तर बरं झालं असतं.

मधल्या काळात तुझ्या त्या ॲनिमोनी आल्या म्हणून तू तरलीस. त्यांचं नाव माझ्या तोंडात कधी बसलं नाही, मी त्यांना काळ्या डोळ्याच्या म्हणायचो. कांदाही धड नाही तो. वाकडातिकडा, काळपट, दगडासारखा वाळलेला तुकडा. रात्रभर पाण्यात ठेवला की फुगतो. मग ओल्या वाळूत, मग फ्रिजात. पहिल्यांदा लावायला बसलीस तेव्हा तो तुकडा हातात फिरवत राहिलीस. वरची बाजू कुठली, खालची कुठली, कळायला मार्ग नाही.

"काय करायचं आता?" मी विचारलं.

"आडवा लावायचा. त्याला माहिती असतं वर कुठे ते. स्वतःच वळतो."

आणि वळले ते. निळं आलं, लाल आलं, मधे काळाभोर डोळा. लिम आंटी बघून म्हणाल्या, पॉपी. तू फुलाखाली बोट धरून त्यांना दाखवलंस, देठावर फुलाच्या खाली हिरवी झालर असते, कोथिंबिरीच्या पानांची गळपट्टी घातल्यासारखी. पॉपीला ती नसते. आंटींनी चष्मा काढून बघितलं आणि मान हलवली. घरी जाऊन संत्री घेऊन आल्या. तेवढा आनंद तुला त्या फुलानंही झाला नसेल.

मग आपण फ्रिजपुढं दोन स्टुलं टाकली. संध्याकाळी जेवण झालं की तिथंच बसायचो, टीव्हीपुढं बसल्यासारखे. आतला दिवा, काचेतून दिसणारी फुलं, आणि तू. मी बोटीवर असताना तू वर्षावर्षाला घरी एकटी काढलीस. मग मी कायमचा घरी आलो तर मला चार भिंतींत बसवेना. तुला मी सापडलो तो त्या स्टुलावर. हे मी तुला बोललो नव्हतो. बोलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

तिथंच एकदा तू म्हणालीस, "तुम्ही जन्मभर थंडीत होतात. ती कशी असते ते मला घरात आणून बघायचं होतं."

मी काय म्हणालो? म्हणालो, "थंडी थंडीसारखी असते."

तू हसलीस. मी उठून दार उघडलं, उगाच. तू म्हणालीस, "अहो, दार लावा."

या वर्षीचं भांडण वेगळं. कांदे त्याच दुकानातले, पाकिटावर स्नोड्रॉपचं चित्र. पान वर आलं आणि मी बघितलं तर हिरवंगार, चकचकीत, तेल लावल्यासारखं. मीनानं फोटो पाठवला होता त्यात पान राखाडी होतं, कांद्याच्या पातीवर राख उडाल्यासारखं. मी म्हणालो, "गंडवलं तुला. हे ते नव्हेच. ही ती दुसरी जात." दुसरी जात तूच मला शिकवली होतीस. स्नोफ्लेक. लांबून तस्संच दिसतं, पण तिच्या सहाही पाकळ्या सारख्या आणि प्रत्येकीच्या टोकाला हिरवा ठिपका. तुझ्या खऱ्या फुलाच्या बाहेरच्या तीन लांब, आत तीन आखूड, आणि हिरवी खूण आखूड पाकळ्यांवर, आतमध्ये.

"चकचकीत पानाचं पण असतं एक," तू म्हणालीस.

"कोण म्हणालं?"

"मी म्हणते."

"तू म्हणतेस म्हणून पान राखाडी होणार आहे का?"

"पानावरून भांडू नका. फूल येऊ द्या."

"ठीक. खोटं निघालं तर हा फ्रिज करांगगुनीला." करांगगुनी म्हणजे आपल्या ब्लॉकखाली भोंगा वाजवत येतो तो भंगारवाला. तुला त्याच्या भोंग्याचा राग यायचा, म्हणून मी मुद्दाम त्याचंच नाव घेतलं.

"आणि खरं निघालं तर?"

"तर मी जिवंत असेतो हा बंद पडू देणार नाही."

"बघा हं," म्हणालीस. "मला शब्द दिलात तुम्ही."

मग तुझी छाती दुखायला लागली आणि सगळंच घाईत झालं. हॉस्पिटलात तोंडावरची नळी बाजूला करून तू पहिलं काय विचारलंस, तर "टोक फुटलं का?"

"फुटलं," मी म्हणालो. खरंच फुटलं होतं, पानांच्या मधून पांढरट टोक वर आलं होतं. "पण पान चकचकीतच आहे अजून."

"असू दे. मग बघते तुमचं तोंड."

नर्सबाईंनी मला बाहेर काढलं, पेशंटशी वाद घालू नका म्हणाल्या. सुनेनं, अश्विनीनंही सांगितलं, "बाबा, आता तरी आईंचं ऐकून घ्या." सगळ्यांना वाटलं मी म्हातारा निर्दयी आहे. मला तसं काही वाटत नाही. मी हो हो म्हणायला लागलो असतो तर तुला कळलं असतं की आपलं आता संपलं. मी भांडलो म्हणून तुझे डोळे उघडे होते. दाराशी पोचलो तेव्हा मागनं म्हणालीस, "दार लावलंत ना फ्रिजचं?" मी मागं न बघता हात हलवला. मागं बघायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर माणसं आली, गेली. चटयांवर बसली. सगळी तुझ्याबद्दल हळू आवाजात बोलायची, आणि तू कधी हळू बोलली नाहीस. एक दिवस पेठेवहिनी चहा करायला आत गेल्या. मी हॉलमध्ये होतो. खलबत्त्याचा आवाज आला, ठक, ठक, आणि पेठेवहिनींचा आवाज आला, "अश्विनी, तुमच्या आईंची सुंठ फार जुनी गं. दगड झालाय नुसता."

मला उठायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे. त्या दिवशी लागला नाही.

"वहिनी, ठेवा ते खाली."

"अहो भाऊ, चहात घालायला—"

"सुंठ नाही ती. फूल आहे."

पेठेवहिनींनी हातातल्या काळ्या तुकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग अश्विनीकडे. अश्विनीनं हळूच स्टूल पुढं सरकवलं. "बसा बाबा. पाणी देऊ?"

"पाणी त्यांना दे. वाडग्यात दे. रात्रभर भिजवायचेत."

दोघींनी एकमेकींकडे असं बघितलं की माझं डोकं फिरलंच आहे. मी डबा हिसकावून घेतला. एक तुकडा खलात फुटला होता, बाकीचे शाबूत होते. बरं, ते विष असतं म्हणून तूच सांगायचीस, फुलांच्या मातीतला हात धुतल्याशिवाय मला पोळीला हात लावू द्यायची नाहीस. आणि स्वतः काय केलंस, तर ते कांदे वेलदोड्याच्या शेजारी, चिठ्ठी नाही की काही नाही. अख्खं मंडळ ओकलं असतं विमल. तुझ्या दुःखाला आलेली माणसं. मला एकदम हसू आलं आणि ते आवरेना, आणि तेव्हा तर पेठेवहिनींची खात्रीच पटली. चहा कुणी घेतलाच नाही.

ते तुकडे भिजवले. फुगले. सगळे आडवे लावले आहेत. मीही सध्या तसाच असतो, उभं राहवत नाही, झोप येत नाही, आडवा. फरक इतकाच की मला वर कुठे ते माहीत नाही.

आता अडचण सांगतो. संदीप रविवारी लॉरी घेऊन येतोय. मला वुडलँड्सला त्याच्या घरी नेणार. पोरगा चांगला आहे, दिवस उजाडायच्या आत जुरोंग आयलंडच्या कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि संध्याकाळी तसाच उलटा माझ्याकडे येऊन जातो. डोळे लाल. परवा म्हणाला, "बाबा, आता एकट्यानं नाही राहायचं. खोली तयार आहे तुमची."

"फ्रिज?"

"आमच्याकडे आहे की फ्रिज."

"तो नाही म्हणत मी."

"बाबा, तो केवढा आहे. आमचं यार्ड बघितलंय ना? वॉशिंग मशीनलाच जागा नाही. आणि फुलवणार कोण आता?"

"तुझ्या आईचा आहे तो."

"आईचा होता, बाबा."

मी उठून यार्डात गेलो. दार उघडलं, लावलं. तो मागून आला आणि तुझ्या स्टुलावर बसला. मग मी त्याला आपलं भांडण सांगितलं, पान, ठिपका, करांगगुनी, सगळं. म्हणालो, "फूल खोटं निघालं तर दोन बॅगा घेऊन गुमान येतो तुझ्याबरोबर. खरं निघालं तर लॉरीत आधी फ्रिज चढेल, मग मी."

तो हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसला. अगदी तुझ्यासारखं, नाकातून. "आईनं मान्य केलं होतं हे?"

"तिनंच शब्द घेतला माझा."

"मग डन," म्हणाला. "रविवारी बघू."

आता कळी पूर्ण बाहेर आली आहे. देठाला लोंबकळते आहे, थेंबासारखी, बंद. तूच सांगितलं होतंस, थंडीत हे फूल मिटूनच राहतं. जरा ऊब लागली की उघडतं. म्हणजे फ्रिजात ठेवलं तर टिकेल पण कळणार नाही, आणि बाहेर काढलं तर कळेल पण इथल्या उकाड्यात दिवसभरही जगणार नाही. काचेच्या घामातून आणि माझ्या मोतीबिंदूतून मला एकदा टोकाला हिरवं दिसतं, एकदा दिसत नाही. काढू का बाहेर? हात दारावर जातो. परत येतो. कळलं की आपलं भांडण मिटलं, विमल. ते मिटल्यावर मी तुझ्याशी काय बोलू? दुसरं काही बोलायला मी शिकलेलोच नाही. आणि खोटं निघालं तर? मी जिंकलो असं सांगायला कुणाकडे जाऊ?

रविवारपर्यंत दार उघडायचं नाही असं ठरवून उठतो आहे.

*

उघडलं. कितीदा ते विचारू नको. पण कळी टिकली.

हे वुडलँड्सहून लिहितोय. मधे कागद बॅगेत गेले होते.

रविवारी सामान बांधून झालं. लॉरीवाला खाली थांबलेला. मी कुंडी बाहेर काढली आणि जेवणाच्या टेबलावर तुझ्या जागेपुढं ठेवली. संदीप आणि अश्विनी खुर्च्या ओढून बसली. लिम आंटी निरोप द्यायला आल्या होत्या, त्याही दारात उभ्या राहिल्या. आधी काहीच झालं नाही. बंद थेंब लोंबकळतोय आणि चार माणसं त्याच्याकडे बघताहेत. संदीपनं दोनदा फोन बघितला. लॉरीवाल्यानं खालून हॉर्न दिला. मी खोलीत फेऱ्या मारत होतो, तीन पावलं तिकडे, तीन इकडे. अश्विनी म्हणाली, "बाबा, तुमच्या वाऱ्यानं ते हलतंय. बसा."

मी थांबलो, आणि तेवढ्यात ते उघडायला लागलं. छत्रीच्या तारा उचलतात तशा बाहेरच्या पाकळ्या वर उचलल्या गेल्या. पण मान खालीच. आत काय आहे ते दिसेना.

"बोटानं वर करू का?" संदीप म्हणाला.

"हात लावू नको."

मग मला आठवलं, तू ॲनिमोनीच्या पानांखाली कीड बघायला कुंकवाचा आरसा धरायचीस. अश्विनीनं बांधलेली बॅग सोडली आणि तळातून तो काढून दिला. मी तो फुलाखाली सरकवला. उभ्यानं दिसेना. वाकलो तरी दिसेना. शेवटी खुर्चीला धरून गुडघ्यावर बसलो, हनुवटी टेबलाला लागेपर्यंत. तू बघायला नव्हतीस तेच बरं, जन्मभर ऐकवलं असतंस.

आरशात आधी माझंच थोबाड दिसलं. दाढी वाढलेलं. आरसा जरा तिरका केला. बाहेरच्या तीन लांब. आत तीन आखूड. आणि त्या आखूड पाकळ्यांच्या टोकाशी हिरवी खूण, घोड्याच्या नालेसारखी वाकलेली. बाहेरच्यांवर एक डाग नाही.

मी बराच वेळ उठलो नाही. संदीपला वाटलं गुडघा अडकला. तो धरायला आला.

"काय बाबा? कुठलं आहे?"

"उचल फ्रिज," मी म्हणालो.

अश्विनी तोंडावर पदर नाही म्हणून ओढणी धरून रडली. का ते मी विचारलं नाही. संदीप खाली जाऊन लॉरीवाल्याला आणि त्याच्या माणसाला घेऊन आला. लिम आंटी चष्मा पुसून पुन्हा वाकून बघून आल्या आणि म्हणाल्या, "ओके लाह. नॉट फॉर फिश."

इथं आणून फ्रिज यार्डात बसवला. वॉशिंग मशीन बाथरूममध्ये गेलं. फ्रिज हलवला की लगेच चालू करायचा नसतो, मशीनमधलं तेल खाली बसू द्यावं लागतं. बाकीचे जेवून झोपायला गेले तरी... नाही, तेव्हा दुपारच होती, मला दिवसाचं भान राहत नाही. मी स्टूल टाकून बसलो. आत अंधार, दार बंद, मोटर गप्प. कुंडी मांडीवर. उघडण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी पहिल्यांदा नुसता बसून राहिलो. मग बटण दाबलं, आणि घुंघुं सुरू झालं. आवाज बरोबर होता. तुला विचारलं असतं तर तूही हेच म्हणाली असतीस.

फूल संध्याकाळपर्यंत गळून पडलं. तुझ्या फोटोपुढं ठेवलं नाही. तुझं काम वाकून बघायचं, फोटोतून कुठलं वाकणार तू? कुंडीतच राहू दिलं. पानं कापायची नाहीत, पिवळी पडेपर्यंत कांदा त्यातूनच जेवतो, हेही तुझंच. पानं आहेत. चकचकीत आहेत. त्या बाबतीत माझं म्हणणं चुकीचं नव्हतं एवढं तू मान्य करायला हवंस.

तुला खरं बोलायचं राहिलं ते हे, की थंडी थंडीसारखी नसते. बोटीवरच्या कोठीत शिरलो की मी लवकर बाहेर पळायचो. तुझ्या डब्यापुढं मी बसायचो. त्या दिवशी हे सुचलं नाही. आज सुचून काय उपयोग म्हणशील, पण सुचलं म्हणून लिहिलं.

काल संध्याकाळी पलंगावर आडवा होतो. संदीप बसमधून उतरून नुकता आला होता. यार्डातून त्या दोघांचे आवाज येत होते.

"अगं बघ, आडवे लावलेले ना ते? कोंब आलेत."

"कुठे? ती कोथिंबीर आहे ना?"

"कोथिंबीर काय? आईची ॲनिमोनी आहे ती. आणि तू चहात घालणार होतीस."

"मी नाही, पेठेकाकू. सरक ना, मला बघू दे. अजून एक येतोय कडेला."

दोघं बघत राहिले. मोटरचा आवाज बदलला. जड झाला, धाप लागल्यासारखा. मला पडल्या जागी कळलं.

"दार लावा," मी ओरडलो.